वाक्यात उपयोग करा

आमच्या घरची सकाळ सुया उकळण्याच्या आवाजानं व्हायची. मायचा चहा चुलीवर चढायच्या आधीच बाबा स्टोव्हला पंप मारत बसलेले असत. स्टोव्हवर एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा, त्यात काचेची सिरिंज आणि सुया. पाण्याला आधण आलं की त्या डब्याच्या तळाशी एकमेकींवर आपटून बारीक किणकिणायच्या, आणि मी गोधडीतून तो आवाज ऐकत पडून राहायची. जानेफळच्या सरकारी दवाखान्यात बाबा कंपाउंडर होते. डॉक्टर मेहकरहून ठरावीक वारी यायचे, रस्त्यात चिखल झाला की तेही नाही. एरवी गावाचा डॉक्टर म्हणजे बाबाच. दवाखान्याच्या मागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि त्या खोल्यांना मागच्या बाजूनं एक पडवी होती. दवाखान्यात सगळ्यांसमोर बसायची ज्यांना लाज वाटे, ते उजाडायच्या आत त्या पडवीत येत. कोण आलं, कशाला आलं, हे बाबा मायलासुद्धा सांगत नसत. माय विचारतही नसे. ती फक्त कुरकुर करायची, "तुमच्या हातच्या वासानं माह्या भाकरीले टिंक्चर लागते." आणि खरंच, आमच्या घरात लसणाच्या ठेच्याला, अंबाडीच्या भाजीला, रविवारी केलेल्या पातोडीच्या रश्श्याला, सगळ्यालाच मागून स्पिरिटचा एक वास यायचा. आजही इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स दंडाला कापूस लावते तेव्हा मला भूक लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसतात.

बाबांचं शिक्षण जेमतेम. इंग्रजी त्यांना औषधांपुरतं येई, पण तेवढं मात्र पक्कं. रिकामी खोकी, बाटल्या ते टाकून देत नसत. खोकी माझ्या वाट्याला येत. माझ्याकडे बाहुल्या नव्हत्या, खोकी होती. त्यांच्यावरची अक्षरं मी बोट ठेवून लावायची आणि बाबा पुड्या बांधता बांधता, मान वर न करता चूक सुधारायचे. "पी आणि एच संग आले तं फ म्हनावं. फॉस्फेट." अशी मी वाचायला शिकले. पुढे शाळेत इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाकीची पोरं मांजर आणि उंदीर शिकत होती, आणि मला झिंक ऑक्साइड लिहिता येत होतं.

त्याच वर्षी जोशी सर आले. पुण्याचे, अंगकाठीनं बारीक, नुकतेच बी.ए. झालेले. आमचं बोलणं ऐकून पहिले काही दिवस ते वर्गाबाहेर जाऊन हसून येत असावेत, कारण परत येताना त्यांचे डोळे ओले असत. पण माणूस मनानं चांगला होता. इंग्रजीची भीती जावी म्हणून त्यांनी एक खेळ काढला. फळ्यावर ते दोन-तीन अक्षरं लिहीत. ही अक्षरं ज्यात येतात असा शब्द सांगायचा. अक्षरांचा क्रम कसाही चाले. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला आम्ही मूठभर मुली. शब्द सांगणाऱ्यानं फळ्यावर येऊन तो लिहून दाखवायचा, मग सर म्हणायचे, "अर्थ सांग, नाहीतर वाक्यात उपयोग कर." अर्थ कुणाला धड यायचा नाही. वाक्याचा मात्र आम्हाला एक साचा सापडला होता. रामाला ताप आहे, सीतेकडे गाय आहे. 'रामा हॅज फीवर, सीता हॅज काऊ.' या 'हॅज'च्या पुढं जगातली कुठलीही वस्तू ठेवली तरी चालते, असा आमचा समज होता. सर एखाद्या 'ए'ची आठवण करून देत आणि सोडून देत.

एक्स, क्यू आणि झेड आले की मुलं अडायची. त्यांच्याजवळ पुस्तकातला फॉक्स आणि क्वीन, झालं. माझ्याजवळ अख्खा दवाखाना होता. मिक्श्चर, क्विनाइन, झिंक, बेंझॉइन. सर खडू खाली ठेवून माझ्याकडं पाहत राहायचे. "सुमन, हे कुठून आणतेस तू?" मी म्हणायची, "घरून, सर." मुलींचा गट रोज जिंकू लागला. बाबांना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण पडवीतल्या बाकावर पुडी घ्यायला बसलेल्या एका म्हाताऱ्याला, मी आत आहे असं समजून, सांगताना मी ऐकलं, "माही पोरगी डॉक्टरीन झाल्याशिवाय राह्यत नाही."

खोक्यांवरचे शब्द संपत आले तेव्हा मी खोक्यांच्या आतल्या कागदांकडं वळले. इंजेक्शनच्या बाटलीला गुंडाळून एक पातळ, चुरचुरीत कागद येई. त्याच्या घड्या उलगडत गेलं की तो हातभर व्हायचा आणि त्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. मी ते कागद खिडकीत धरून त्यातले शब्द वेचायची, तोंडपाठ करायची आणि कागद परत घडी करून ठेवून द्यायची. एका कागदावर एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मला त्याचं रूप आवडलं, सुरुवातीला एस आणि शेवटीही एस. मी बाबांना विचारलं, "हे काय असते?" त्यांनी वाकून पाहिलं. शब्द पुटपुटत वाचला आणि म्हणाले, "एक दुखनं असते. ताप असते समज." मी तसं समजले. कागद त्यांनी माझ्या हातून घेतला आणि चुलीत टाकला. पण शब्द तोवर पाठ झाला होता.

त्या इंजेक्शनची खोकी भाऊसाहेबांसाठी येत होती, हेही मला ठाऊक होतं. भाऊसाहेब गावातले मोठे शेतकरी. शाळेला जागा त्यांनी दिलेली, शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. पांढरं धोतर, काळा कोट, बोलणं हळू. ते उजाडायच्या आत पडवीत येत, बाबांशी दोन शब्द बोलत आणि उजेड पडायच्या आत निघून जात. बाबा त्यांना इंजेक्शन देत तेव्हा उकळलेलं पाणी दारापाशी ठेवायचं काम माझं. मला पाहून ते कधी खारीक, कधी गुळाचा खडा हातावर ठेवत. मला ते फार आवडत.

त्यांच्या बायकोला मी सुभद्राकाकू म्हणायची. दुपारची कामं आटोपली की त्या आमच्याकडं येत, मायसोबत डाळ निवडत बसत. त्यांच्या पोटी लेकरू टिकत नव्हतं. काही पोटातच गेली, एक जन्मलं आणि थोडेच दिवस राहिलं. गावातल्या बायका बारशाला त्यांना बोलवत नसत. बोलावलंच तर लेकराला पदराआड घेत. काकू हे सगळं मायला सांगत, रडत नसत, डाळीतला खडा बाजूला टाकावा तसं सांगत. त्या हिवाळ्यात त्यांनी असंच सांगितलं की सासूबाईंनी मेहकरकडची एक पोरगी पाहिली आहे. भाऊसाहेब दुसरं लग्न करणार. "मी हाव म्हनलं," काकू म्हणाल्या. "माह्या पोटातच दोष हाये तं त्याईचा वंश कायले बुडवू?" मायनं सूप खाली ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेचं संमेलन झालं. मैदानात मांडव, पुढं सतरंजीवर पोरं, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं, आणि मधे टेबलामागच्या खुर्चीवर अध्यक्ष म्हणून भाऊसाहेब. नाटुकलं झालं, लेझीम झाली. मग जोशी सरांनी त्यांचा खेळ लावला. आपली पोरं इंग्रजी कशी बोलतात हे गावाला दाखवायची त्यांना हौस होती. फळा मांडवात आणला. शेवटच्या फेरीला त्यांनी फळ्यावर लिहिलं: एस, पी, वाय.

मुलांनी 'स्पाय' सांगितला. मी 'सिरप'. खोकल्याच्या बाटलीवर असतो तो. मुलांनी बराच वेळ कुजबुज करून 'स्प्रे' काढला, कपाशीवर मारतात तो फवारा, आणि बापलोकांनी टाळ्या वाजवल्या. आता आमची पाळी. माझ्या बाजूच्या मुली माझ्याकडं पाहू लागल्या. मला तो शब्द आठवला, आणि अंगावर जो काटा आला तो अजून आठवतो. जिंकण्याचा काटा होता तो. मी फळ्याशी गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिला. एस, वाय, पी, एच, आय, एल, आय, एस. सरांना मी पाठमोरी होते, त्यामुळं त्यांचा चेहरा मला दिसला नाही. ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. ते म्हणाले, "बस, सुमन, बरोबर आहे, जा जागेवर." पण मला वाटलं, सर विसरले. वाक्य राहिलं तर गुण जाईल. मी वळले, समोर हात बांधून उभी राहिले. वाक्यात कुणाचं तरी नाव लागतं. रामाचं आणि सीतेचं नाव रोजचंच होतं. आज पाहुणे मोठे होते, आणि त्यांना ते दुखणं आहे हे मला माहीत होतं. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब हॅज सायफिलिस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या भाऊसाहेबांचं नाव पोरीनं इंग्रजीत घेतलं, एवढंच त्यांना कळलं. बायांच्या बाजूला सुभद्राकाकू बसल्या होत्या. नवऱ्याचं नाव निघालं म्हणून त्यांनी लाजून पदर सावरला आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. हे मी पाहिलं. या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी विसरले आहे, माझ्या मुलांच्या जन्माच्या वेळा मला सांगता येत नाहीत, पण काकूंचे ते हात, हिरव्या बांगड्यांचे, टाळ्या वाजवणारे, मला कधीही डोळे मिटले तरी दिसतात.

मांडवात तिघांना तो शब्द कळला होता. जोशी सरांनी फडकं घेऊन फळा पुसायला सुरुवात केली होती आणि पुसून झाल्यावरही ते पुसतच होते. भाऊसाहेब टेबलावरच्या हारातली एक पाकळी बोटांनी चुरत होते. आणि मांडवाच्या खांबाला टेकून बाबा उभे होते. त्यांच्याकडं मी कौतुकासाठी पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मी त्यांना घराबाहेर कधी उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

बक्षीस भाऊसाहेबांच्याच हातून होतं, शाईचं पेन. ते त्यांनी दिलं. माझ्याकडं न पाहता दिलं.

घरी आल्यावर बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक लिहितात ते खरं आहे. त्यांनी विचारलं, "शब्द कुठून आनला?"

"पुड्यातल्या कागदावरून."

"अन् त्याईचं नाव?"

"तुमी त्याईले तेच इंजेक्शन देता ना," मी म्हणाले. "ताप असते म्हनलं होतं तुमी."

बाबा खाटेवर बसले. मग म्हणाले, "लोकाचं दुखनं आपल्या घरात येते, बाई. ते आपल्या घरातून बाहेर जात नसते." तेव्हाही मला माझी चूक नीट समजली नाही. मी एवढंच समजले की मी काहीतरी घाण केलं आहे आणि ते कशानं पुसायचं हे कुणी सांगत नाही. मायला विचारलं तर ती म्हणाली, "मले नको विचारू." तिलाही कुठं माहीत होतं?

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गावात फिरू लागलं. पोरांना ते तोंडपाठ झालं होतं. त्याला ठेका होता. गोट्या खेळताना, विहिरीवर, टायर पळवताना पोरं म्हणायची, "भाऊसाहेब हॅज सायफिलिस, भाऊसाहेब हॅज सायफिलिस." शाळेत जोशी सरांनी सगळ्यांना दम दिला की हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. त्यानं तर आग लागली. म्हणू देत नाहीत म्हणजे काहीतरी आहे. वरच्या वर्गातल्या कुणीतरी कपाटातला शब्दकोश काढला. बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या जानेफळला कळलं होतं की इंग्रजीत ज्याला तसं म्हणतात त्याला आपल्याकडं गरमी म्हणतात. गरमी कुठून येते हे लहान पोरांनाही सांगावं लागत नव्हतं. मला मात्र ते वर्गातल्या एका मुलीनं कानात सांगितलं, आणि मी शाळेमागच्या बाभळीखाली जाऊन लपले. त्या दिवसापासून घराबाहेर पडायचं नाही असं मी ठरवलं. बाबांनी मला हाताला धरून रोज शाळेत पोचवलं. वाटेत लोक आमच्याकडं पाहत. बाबा त्यांना रामराम करत, आणि उत्तराची वाट न पाहता पुढं चालत.

भाऊसाहेब एकदाच आले. दिवसाढवळ्या, दवाखान्याच्या पुढच्या दारानं आले. रोगी बसले होते. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "कंपाउंडर, मी तुमच्यावर भरवसा ठेवला होता." बाबा म्हणाले, "हाव, भाऊसाहेब." पोरीनं आपल्या मनानं केलं, मी सांगितलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. मी आतल्या दारामागं होते.

त्यानंतर आली ती सुभद्राकाकूंची दुपार. बाबा जेवायला बसले होते. ज्वारीची भाकर आणि चुका घातलेलं वरण होतं. काकू दारातून आत आल्या त्या नेहमीसारख्या मायकडं न जाता बाबांच्या ताटासमोर भिंतीला टेकून बसल्या. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. बाबांनी हात आखडला.

"जेवा तुमी," काकू म्हणाल्या. "मले एकच विचाराचं हाये. त्या दुखन्यानं बाईची लेकरं जातात का?"

बाबा म्हणाले, "वहिनी, पेशंटचं मले सांगता येत नाही. तशी बंदी असते आमाले."

"तुमची पोरगी साऱ्या गावात सांगू शकते, अन् तुमी नाही?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीपाशी होते, मला जाळात शिरावंसं वाटलं. माय म्हणाली, "सांगा ना हो. आता काय राह्यलं झाकाचं?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग शब्द मोजून बोलल्यासारखे ते बोलले. "मी कोनाबद्दल सांगत नाही. दुखन्याबद्दल सांगतो. ते दुखनं नवऱ्याकडून बायकोले येते. मंग पोटातली लेकरं जातात. बाईच्या पोटात दोष नसते. बाईनं बी सुया घेतल्या तं ती बरी होते. पुढची लेकरं वाचू शकतात."

मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो काकूंनी घेतला नाही. मग म्हणाल्या, "अन् ती मेहकरची पोरगी? तिले बी होईन?"

"होऊ शकते," बाबा म्हणाले.

काकू उठल्या. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता हात उगारतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. तो हात मला मारापेक्षा जड वाटला. आजही वाटतो.

पुढचं मी मायकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. दोनच दिवसांनी काकू माहेरी जाते म्हणून बैलगाडीत बसल्या आणि माहेरच्या वाटेला न लागता त्या पोरीच्या गावी गेल्या. तिच्या आईला आत नेऊन सगळं सांगितलं. स्वतःच्या नवऱ्याचं असं दुखणं स्वतःच्या तोंडानं परक्या बाईला सांगायला काय लागलं असेल, ते माझ्या कल्पनेत येत नाही. लग्न मोडलं. तिथून त्या मेहकरच्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, मले तपासा. काही दिवस भावाकडं राहून त्यांनी सुया घेतल्या आणि मग परत आल्या, आपल्याच घरात, आपल्याच चुलीपाशी. सासू बोलायची थांबली. भाऊसाहेबही. पुढं त्यांना लेकरू झालं का, याच्या मला दोन बातम्या कळल्या. कुणी म्हणालं मुलगी झाली, कुणी म्हणालं दिराची मांडीवर घेतली. मी खात्री करून घेतली नाही. मुलगी झाली हे खरं निघालं तर लोक म्हणतील तसं मलाही म्हणावंसं वाटेल, आणि त्याची मला भीती वाटते.

कारण लोक तसं म्हणतातच. कितीतरी वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात जानेफळची एक बाई भेटली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्यामुळं सुभद्राबाईचं भलं झालं." माझ्या सुनेनं कौतुकानं सगळी हकीकत विचारली. माझी नातवंडं आता मोबाइलवर अक्षरांचे तसलेच खेळ खेळतात, सुनेनं त्यांनाही सांगितलं की आजी लहानपणापासूनच हुशार होती. मी उठून पाणी प्यायला गेले. भलं काकूंनी स्वतः केलं. मी फक्त जिंकत होते. आणि माझ्या जिंकण्यानं ज्याचं काही भलं झालं नाही, त्याचं नाव त्या लग्नात कुणाला माहीत नव्हतं.

पहाटेची पडवी रिकामी पडू लागली होती. बाबा सवयीनं स्टोव्ह पेटवत, सुया उकळत, आणि वाट पाहत बसत. कोणी येत नसे. मग पाणी तसंच थंड व्हायचं. कंपाउंडरच्या घरून गोष्टी बाहेर जातात, हे आता जगजाहीर होतं. बाकीचे लोक दिवसा येत, खोकला, खरूज, जखमा दाखवत. पण झाकून ठेवायची दुखणी आता झाकलेलीच राहू लागली. बाबांना सगळ्यात जास्त घोर होता तो किसनचा. किसन रोजमजुरी करणारा तरुण माणूस, गावाबाहेर मळ्यातल्या झोपडीत बायको-लेकरासोबत राहणारा. त्याच्या पाठीवर आणि दंडावर महारोगाचे बधिर चट्टे होते. बाबांनी ते ओळखून त्याला गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात, सोडायच्या नसतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. बाबांनी मला सांगितलं तेही बदलीचा हुकूम आल्यावर. भाऊसाहेबांनी वरती कुठंतरी शब्द टाकला होता आणि आमची बदली मलकापूरला झाली होती. सामान बांधायला घेतलं त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "चाल माह्यासंग."

आम्ही ओढा ओलांडून मळ्याकडं गेलो. कपाशी वेचून झाली होती, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. वाटेत त्यांनी मला किसनचं सगळं सांगितलं, गोळ्यांचं, चट्ट्यांचं, गोळ्या बंद झाल्या तर हातापायांचं काय होतं त्याचं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला एखाद्या रोग्याबद्दल नाव घेऊन सांगत होते. मग म्हणाले, "तो दोन डाव आला नाही. मी गेलो तं भेटला नाही. आता तू त्याले म्हन, की पुन्हा कोनाचं नाव कोठी घेनार नाही. तू म्हनलं तं ऐकन तो." मी मनात वाक्य जुळवत चालले. मराठीतलं साधं वाक्य होतं, पण मला ते जुळेना.

झोपडीचं ताटीचं दार आतून लावलेलं होतं. आत चूल पेटलेली दिसत होती, धूर वर निघत होता. बाबांनी हाक मारली, "किसन, मी कंपाउंडर."

आतून आवाज आला, "बोला साहेब."

"गोळ्या आनल्या. माही बदली झाली. नवा मानूस येईन, त्याले मी सांगून ठेवतो. खंड पाडू नको."

"साहेब," आतून किसन म्हणाला, "पोरगी संग हाये का?"

बाबा माझ्याकडं न पाहता म्हणाले, "हाव."

"मंग जा तुमी," तो म्हणाला.

त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. दुकानदार एखादी वस्तू नाही म्हणतो, तसा होता. मी तोंड उघडलं. वाटेत न जुळलेलं वाक्य तिथंही जुळलं नाही. आत एक लेकरू रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. बाबांनी खाली वाकून गोळ्यांची बाटली उंबऱ्याशी ठेवली, वारं लागून कलंडू नये म्हणून तिला एका दगडाचा टेका दिला, आणि आम्ही निघालो. बांधावर पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. बाटली तिथंच होती. अंधार पडायला लागला होता, त्यामुळं नंतर कुणी दार उघडलं की नाही हे मला दिसलं नाही, आणि पुढं कधी कळलंही नाही. नव्या कंपाउंडरकडं बाबांनी मलकापूरहून दोनदा विचारणा केली. तो म्हणाला, या नावाचं कुणी येत नाही.

परतताना मी रडत होते. बाबा माझ्यापुढं चालत होते, पऱ्हाट्यांमधून वाट काढत. त्यांनी मला गप्प बस म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ओढ्याशी आलो तेव्हा ते थांबले, माझ्यासाठी हात मागं केला आणि म्हणाले, "काटे हायेत. खाली पाहून चाल."

मी खाली पाहून चालले.